आतोबांची बुलेट ट्रायल्ससाठी उभी करताना

ट्रायल्समध्ये घड्याळाशी स्पर्धा नसते. दगड, ओढा, चढ, झाडाची मुळं अशा आखलेल्या छोट्या पट्ट्यातून पाय जमिनीला न टेकवता मोटारसायकल पार न्यायची, आणि ज्याचे गुण सर्वात कमी तो जिंकला. पाय एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त वेळा टेकला की तीन. गाडी थांबली, पडली किंवा खुणांच्या बाहेर गेली तर पाच. माणूस चालतो त्याच वेगाने हे सगळं चालतं.

बुलेटचं या खेळाशी फार जुनं नातं आहे. मागच्या चाकाला स्विंगआर्म, म्हणजे चाकासकट वर-खाली हलणारा दांडा, असलेली नवी बुलेट १९४८ साली लोकांसमोर आली ती इंग्लंडमधल्या एका ट्रायलमध्येच. त्याच वर्षी इटलीत सॅन रेमोला झालेल्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमध्ये दोन बुलेटस्वारांनी सुवर्णपदकं मिळवली. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ अशी दोनदा स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल बुलेटवर जिंकली. १९६५ मध्ये सॅमी मिलर स्पेनच्या बुल्टाकोवर ती स्पर्धा जिंकला आणि मग हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांनी जड इंजिनांना बाजूला सारलं. पण १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटचं इंजिन पुढे कितीतरी वर्षं त्याच घराण्यातलं राहिलं: ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), ३४६ सीसी. माझ्या आतोबांची १९७२ ची गाडी त्यातलीच.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण मी हिशेबनीस आहे, मेकॅनिक नाही. सुरुवात करताना इंदुरात या वाटेने गेलेलं कुणी मला भेटलं नाही. ज्यांच्या घरात अशी एखादी गाडी उभी आहे त्यांना काय आधी करायचं आणि काय नंतर, एवढं जरी कळलं तरी बरेच महिने वाचतील.

गाडी रामबागेत आत्याच्या घरी जिन्याखाली होती. आतोबा २०२० मध्ये गेले. गाडी चालवणं त्याआधीच सुटलं होतं, पण कागद मात्र ते जपायचे. २०१७ मध्ये त्यांनी आरसीचं नूतनीकरण करून घेतलं होतं. ती मुदत सप्टेंबर २०२२ मध्ये संपली. २०२३ च्या दसऱ्याला आत्या म्हणाली, "तू चालवणार असशील तर घेऊन जा. भंगारात नाही द्यायची मला." पैसे घ्यायला ती तयार नव्हती.

मी आधी इंदूरच्या छावणी भागातल्या एका उस्तादांना बोलावलं. साठीचे गृहस्थ, आयुष्य बुलेटमध्ये गेलेलं. त्यांनी किक दाबून पाहिली, ती खाली गेली, इंजिन जाम नव्हतं. मग इंजिनाकडे पाठ फिरवून म्हणाले, "भिया, पेले कागज निकालो. इंजन तो कभी भी खुल जाएगा." हा सल्ला मी जसाच्या तसा पुढे देतो.

कागदात पहिली गोष्ट म्हणजे नंबर जुळवणं. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, चेसिस नंबर फ्रेमच्या मानेवर, हँडलच्या खाली. रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घेऊन दोन्ही साफ केले, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलने घासून ठसा काढला आणि आरसीच्या पुस्तकाशी ताडून पाहिला. एकही अंक वेगळा निघाला असता तर मी पुढे गेलो नसतो. बाहेरून गाडी विकत घेणाऱ्यांनी तर पैसे देण्याआधीच हे करावं. नंबरावर घासकाम किंवा नवा ठोका दिसला तर तिथूनच परत फिरावं.

मूळ मालक हयात नसेल तर गाडी थेट आपल्या नावावर होत नाही. आधी वारसाच्या नावावर होते, त्यासाठी फॉर्म ३१. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाची ओळखपत्रं आणि बाकी वारसांची हरकत नसल्याची शपथपत्रं. आत्याची दोन्ही मुलं बाहेर, एक पुण्याला, एक बडोद्याला. दोघांनी आपापल्या गावी नोटरीकडून शपथपत्र करून कुरियरने पाठवलं. स्टॅम्प आणि नोटरी मिळून प्रत्येकी पाचेकशे रुपये लागले. आत्याच्या नावावर झाल्यावर तिच्याकडून माझ्या नावावर, त्यासाठी फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. फॉर्मवरची सही आरसीवरच्या किंवा ओळखपत्रावरच्या सहीशी जुळायला हवी. आत्याचा हात आता थरथरतो, म्हणून तिनं आधी कोऱ्या कागदावर सराव केला आणि मग सगळ्या सह्या एका बैठकीत केल्या.

हे सगळं हातात घेऊन आरटीओत गेलो तेव्हा कळलं की गाडीची ऑनलाइन नोंदच नाही. १९८९ च्या आधीचा तीन अक्षरी नंबर, हाताने लिहिलेलं पुस्तक. अशा गाड्यांची आधी बॅकलॉग नोंद करावी लागते, म्हणजे जुन्या नोंदवहीवरून पडताळून तपशील वाहन पोर्टलवर चढवतात. त्याशिवाय नावबदल, नूतनीकरण, काहीच पुढे सरकत नाही. आणि हा काळ होता नोव्हेंबर २०२३ चा. १२ तारखेला दिवाळी, १७ ला विधानसभेचं मतदान. सरकारी माणसं निवडणुकीच्या कामाला जुंपलेली. नोंद जानेवारीत झाली. खिडकीवरच्या बाईंनी एक चांगली सूचना केली होती: पुस्तकाच्या प्रत्येक पानाची रंगीत प्रत द्या, कोरी पानंसुद्धा, म्हणजे मधलं पान गहाळ आहे का ही शंका उरत नाही. दोन्ही नावबदल फेब्रुवारीअखेर झाले.

मधल्या काळात एक निर्णय घ्यायचा होता. गाडी पन्नास वर्षांची झाली की ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. जुलै २०२१ पासून त्याचे वेगळे नियम आहेत: शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. पण ती गाडी मूळ रूपात राखावी लागते आणि रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. ज्यांना गाडी जपून दाखवायची आहे त्यांच्यासाठी हा मार्ग योग्य आहे. मला ती चालवायची होती, म्हणून मी नेहमीचं पाच वर्षांचं नूतनीकरण निवडलं. त्याचं शुल्क तेव्हा मोटारसायकलला १,००० रुपये होतं आणि मुदत उलटल्यावर दर महिन्याला ३०० रुपये जादा. माझे वीसेक महिने उलटले होते, म्हणजे सहा हजारांवर रक्कम नुसती उशिराची. घरात गाडी बंद पडून असली तरी आरसीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा.

दुसरा प्रश्न बदलांचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. म्हणून मी सुरुवातीलाच नियम केला: फ्रेम कापायची नाही, तिच्यावर वेल्डिंग करायचं नाही, जे लावायचं ते आहे त्याच भोकांत नट-बोल्टने. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी बांधून पत्र्याच्या ट्रंकेत. रस्त्यावर गाडी मूळ रूपातच निघेल. ट्रायल्सचं रूप फक्त शेतावर. साडी गार्डसुद्धा नियमाने लागतं, तेही रस्त्यासाठी परत चढतं. पुढे या नियमानेच माझी बरीच डोकेदुखी वाचवली, कारण "हे करू का?" या प्रश्नाचं उत्तर दर वेळी तयार असायचं.

इंजिनाचं काम डिसेंबरमध्ये सुरू झालं. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला कोरडी किक मारली तर पिस्टनच्या रिंगा सिलिंडर ओरबाडतात. मग उस्तादांकडे हेड उघडलं. सिलिंडर वर रुंद आणि खाली अरुंद झालेला, झिजेचा नेहमीचा प्रकार. छावणीतल्याच एका लेथवाल्याने बोअर करून वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज पिस्टन बसवला. पिस्टनचा संच १,८०० रुपये, बोअरिंग ७००. पिस्टन आधी विकत घ्यायचा आणि त्याच पिस्टनचं माप घेऊन बोअर करायला सांगायचं. पाकिटावरच्या आकड्यावर काम करू द्यायचं नाही. बिगएंडमध्ये, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगमध्ये, ढिलाई होती, क्रँक उघडून ते काम करायला २,६०० लागले आणि जवळपास महिना गेला, कारण क्रँक सरळ बसवणारा कारागीर लग्नाला गावी गेला होता.

मी दर शनिवारी तिथे स्टूल टाकून बसायचो. उस्तादांनी हळूहळू पाने माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. टॅपेटचं काम मी स्वतः केलं: इंजिन थंड असताना पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) दोन बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या प्लॅटिनम पॉइंटचं अंतर पंधरा थाऊ. ही दोन कामं शिकून घ्या, फार कठीण नाहीत, आणि गाडी रानात बंद पडली तर त्यांचाच आधार असतो.

टाकीचा गंज मी घरी गच्चीवर काढला. धुण्याचा सोडा घातलेलं पाणी टाकीत भरलं, मधोमध एक साधी लोखंडी सळई रबरात धरून टांगली, बॅटरी चार्जरची धन तार सळईला आणि ऋण तार टाकीला. रात्रभरात सळईवर लाल गाळ चढतो, ती घासून पुन्हा लावायची. सळई स्टेनलेस स्टीलची अजिबात नको, त्यातून क्रोमियमची विषारी द्रव्यं निघतात. आणि हे काम उघड्यावरच करावं, कारण हायड्रोजन वायू बाहेर पडतो. जवळ विडी-काडी नको. खर्च शंभर रुपयांच्या आत.

रंगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. काळा होता, काळाच दिला, कारण आरसीवर काळा लिहिलाय आणि रंग बदलला तर तोही नोंदवावा लागतो. चेसिस नंबरावर ग्रीस लावून वर टेप चिकटवली आणि रंगाऱ्याला ती दोनदा दाखवली. नंबर रंगाखाली बुजला तर नूतनीकरणाआधीच्या आरटीओच्या तपासणीत अडतं. रंगपंचमी ३० मार्चला होती, गेरीच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, आठवड्यात दुकान बंद, मग लोकसभेची निवडणूक. इंदूरचं मतदान १३ मे रोजी झालं. तपासणीची तारीख जूनमध्ये मिळाली.

मार्चच्या मध्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. जुन्या बुलेटला किक मारायची एक पद्धत आहे, ती मला उस्तादांनी शिकवली. चावी लावून किक सावकाश दाबायची, अँमीटरचा काटा डावीकडून मध्यावर आला की थांबायचं, डीकॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक थोडीशी पुढे सरकवायची, सोडायची, आणि मग पूर्ण वजन टाकून एकच किक. आवाज आल्यावर मी आत्याला फोन लावून तो तसाच इंजिनाजवळ धरला. ती काही बोलली नाही, आणि मीही फोन बंद केला नाही.

तपासणीआधी विमा आणि पीयूसी. १५० ते ३५० सीसी गटात थर्ड पार्टी विम्याचा दर १,३६६ रुपये अधिक जीएसटी होता. ३४६ सीसी असल्यामुळे गाडी त्या गटात बसते, पाच सीसी जास्त असती तर दर दुपटीच्या वर गेला असता. ऑनलाइन अर्ज जुना नंबर स्वीकारत नव्हता, तेव्हा कार्यालयात जाऊन पॉलिसी काढली. पीयूसीला २००० सालाआधीच्या दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. इंजिन नीट तापवून नेलं आणि कार्ब्युरेटरचा स्लो स्क्रू थोडा हलका ठेवला तर बुलेट त्यात बसते.

तपासणीच्या दिवशी गाडी पूर्ण मूळ रूपात नेली: आरसे, हॉर्न, दोन्ही दिवे, साडी गार्ड, मूळ सायलेन्सर. सहा व्होल्टच्या वायरिंगवर ब्रेकचा दिवा मंद लागतो, म्हणून आदल्या रात्री सगळी अर्थिंगची टोकं पॉलिश पेपरने घासली होती. निरीक्षकांनी नंबर पाहिले, ठसा घेतला, ब्रेक लावून पाहिले. नूतनीकरण झालेली आरसी जुलैत हातात आली.

मग खरा आवडीचा भाग. ट्रायल्ससाठी पहिला बदल गिअरिंगचा. पहिल्या गिअरमध्ये गाडी चालत्या माणसाबरोबर राहिली पाहिजे, क्लच दाबून न धरता. बुलेटचं मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, ब्रेक ड्रमलाच जोडलेलं असतं, ते सहज बदलता येत नाही. पुढचं बदलता येतं, पण ते क्लचच्या मागे लपलेलं. प्रायमरी कव्हर, मग क्लच, मग ते. माझ्या गाडीत सोळा दातांचं होतं. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यातून चौदा दातांचं करून घेतलं, ९०० रुपये. फरक आठव्या हिश्श्याचा, पण पहिल्याच चढावर जाणवला: भारी फ्लायव्हीलचं इंजिन कमी थ्रॉटलवर चढाला लागलेल्या बैलासारखं एका लयीत ओढत राहतं. प्रायमरी कव्हरचं गॅस्केट दर वेळी नवं घ्या, नाहीतर ऑइल टपकतं.

दुसरा बदल फुटरेस्टचा. मूळ जागी ते पुढे असतात, उभं राहिलं की शरीराचं वजन हातांवर येतं. लोहा मंडीत पट्टी कापून घेऊन आधीच्याच बोल्टांवर बसणारे ब्रॅकेट केले, फुटरेस्ट चार इंच मागे गेले. तिसरं, वजन. बुलेट १६० किलोच्या घरात आहे. कॅरिअर, लेग गार्ड, मागची सीट, टूलबॉक्स उतरवले की फरक पडतो. इंजिनखाली चार मिलिमीटरचा पत्रा लावला, दगडाचा फटका क्रँककेसला बसू नये म्हणून.

टायरबद्दल जास्त सांगावं लागेल. खऱ्या ट्रायल्स टायरचे ठोकळे उथळ आणि जवळजवळ असतात, रबर मऊ असतं. मोटोक्रॉसचे खोल दातांचे टायर वेगळे. ते दगड पकडत नाहीत, माती उकरतात. ट्रायल्स गाडीला पुढे २१ आणि मागे १८ इंचांचं चाक असतं, बुलेटला दोन्हीकडे १९. चाकं बदलायची नव्हती, तेव्हा १९ इंचातलेच ब्लॉक पॅटर्नचे टायर शोधले. दोन मिळून ५,४०० रुपये, येईपर्यंत दीड महिना. ट्रायल्सच्या गाड्या चार-सहा पीएसआय हवेवर चालतात, पण ट्यूब असलेल्या जड गाडीत एवढी कमी हवा ठेवली तर टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह उपटतो. मी बारा ठेवतो. पायपंप सोबत असतो.

चोरलच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं शेत आहे, ओढ्याकाठी. तिथली परवानगी घेतली. आजूबाजूला जंगलखात्याची जमीन आहे, तिच्यात चाक घालायचं नाही. गाडी छोट्या टेम्पोतून नेतो, जाऊन-येऊन १,५०० रुपये. पावसाळा सरून ओढ्याचं पाणी उतरल्यावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा तिथे उतरलो.

पट्टा आधी पायी चालून पाहायचा हा या खेळाचा रिवाज आहे, आणि तो अगदी आवश्यक आहे. कुठला दगड हलतो, चाक कुठून वळेल, कुठे नजर ठेवायची, हे खाली उभं राहूनच समजतं. आत्तेभावाच्या मुलीनं, जी सुट्टीला पुण्याहून आली होती, चुन्याच्या खुणा मारल्या आणि वहीत गुण लिहायला बसली. ती नियम कडक लावते, बूट गवताला घासला तरी विचारते, "काका, हा टेकला ना?" जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, उतारावर डावा पाय आधारासाठी काढला की मागचा ब्रेक सुटतो. म्हणून उतार पुढच्या ब्रेकवर आणि इंजिनाच्या ओढीवर घ्यायला शिकतोय.

गाडी आणि कागद मिळून खर्च चाळीस हजारांच्या आसपास गेला, त्यात उस्तादांची मजुरी बारा हजार. सध्या काम आहे कार्ब्युरेटरचं. बंद थ्रॉटलवरून किंचित उघडताना इंजिन एक ठोका चुकतं, आणि ओढ्यातल्या मोठ्या काळ्या दगडावर नेमका तोच ठोका हवा असतो, त्यामुळे तिथे अजून पाच गुण मिळतात. कमी थ्रॉटलवर पेट्रोल सोडणारं पायलट जेट एक नंबर मोठं मागवलंय. ते बसवल्यावर त्या दगडाचं काय झालं ते लिहीन. आणि ज्यांची आरसी यंदा संपतेय त्यांच्यासाठी: नूतनीकरणाचा फॉर्म २५ मुदतीच्या साठ दिवस आधीपासून भरता येतो.